दोन क्रियापदांचा खटला

विद्यार्थ्यांची सरकारी कर्जं माफ करावीत का, यावरून अमेरिकेत रान पेटलं. सर्वोच्च न्यायालयात मात्र कीस पडला तो दोन क्रियापदांचा. राष्ट्रीय आणीबाणीत शिक्षणमंत्र्याला या कर्जांचे नियम 'शिथिल करता किंवा बदलता' येतात, असं २००३चा हीरोज कायदा सांगतो. कोविडमुळे मार्च २०२०मध्ये हप्ते थांबले, व्याज शून्यावर आलं, ते साडेतीन वर्षं तसंच राहिलं. ऑगस्ट २०२२मध्ये बायडेन यांनी याच कायद्याच्या आधारे १० हजार डॉलरपर्यंत, तर पेल ग्रँट ही सरकारी मदत मिळालेल्या गरजूंना २० हजारांपर्यंत माफी जाहीर केली. मामला सुमारे ४३ हजार कोटी डॉलरचा.

माफीला कोर्टात आव्हान द्यायचं, तर स्वतःचं नुकसान दाखवावं लागतं. पण माफीने नुकसान झालं कुणाचं? शेजाऱ्याचं कर्ज फिटलं म्हणून दावा लावता येत नाही. तोड सापडली मिझुरीत. मोहेला ही त्या राज्याने स्थापलेली, कर्जखाती सांभाळणारी संस्था. खाती बंद झाली की तिची वर्षाला ४ कोटी ४० लाख डॉलरची फी बुडणार होती. गंमत अशी, की मोहेला स्वतः कोर्टात गेलीच नव्हती. तिचं दुखणं राज्याने परस्पर मांडलं आणि ते ग्राह्य धरलं गेलं! ३० जून २०२३ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी माफी रद्द झाली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या लेखी 'बदल' म्हणजे किरकोळ फेरफार; विरोधी मत देणाऱ्या न्या. केगन म्हणाल्या, हा दावाच ऐकायला नको होता. मला केगन यांचं पटतं. तरीही इतकी मोठी माफी आणीबाणीच्या कायद्याला टांगणं, ही काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, पुरेशी मतं नसल्याची कबुलीच होती.

मग आली 'सेव्ह' ही उत्पन्नानुसार हप्त्याची योजना: कमी कमाईवाल्याला हप्ता शून्य, हप्ता भरूनही उरलेलं व्याज माफ. जुलै २०२४मध्ये अपील न्यायालयाने तीही रोखली. सुमारे ८० लाख कर्जदार अधांतरी राहिले. हप्ता भरायचा नव्हता, हे खरं. पण सार्वजनिक सेवेत १२० हप्ते भरून माफी मिळवू पाहणाऱ्यांचे ते महिने मोजलेच गेले नाहीत.

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केली तो कायदा मात्र काँग्रेसने रीतसर मंजूर केलेला. १ जुलै २०२६पासून नवं कर्ज घेणाऱ्याला उत्पन्नानुसार हप्त्याची एकच योजना उरते. किमान हप्ता १० डॉलर. उरलेलं कर्ज पूर्वी २० किंवा २५ वर्षांनी माफ होई. आता ३० वर्षांनी.