शिशाची गोळी: किती मऊ, किती मोठी?

ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये खानदेशात धरणगावी भिल्ल पलटण उभारून तीरकामठ्यावर वाढलेल्या हातांत बंदूक दिली, त्या काळी बंदूक नळीच्या तोंडातून ठासली जाई. शिसे ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळत असल्याने गोळी साध्या साच्यात ओतता येई आणि नळीत सहज उतरावी म्हणून ती नळीच्या व्यासाहून किंचित लहान ठेवली जाई. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरात हे गणित नेमके उलटे आहे: चक्रातील खणाहून गोळी थोडी मोठी घेतात, म्हणजे ठासताना तिची कड तासली जाऊन ती घट्ट बसते. त्यासाठी शुद्ध, मऊ शिसेच हवे. कथील वा अँटिमनी मिसळून कठीण केलेले शिसे येथे निरुपयोगीच म्हणावे. मात्र गोळी ओतण्याआधी ध्यानात घ्यावे, की भारतात दारूगोळा बनवण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो.