उंचावरची हवा आणि टर्बोचे इंजिन

काशीमीऱ्याजवळ ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. ट्रक, टँकर, बसगाड्या यांची रहदारी येथे रात्रंदिवस चालू असते. आणि जेथे रहदारी तेथे गॅरेज हे ओघानेच आले. कामगार संघटनेच्या कामासाठी आम्ही या गॅरेजांतून पुष्कळ हिंडलो आहोत. तेथील एका पोराने आम्हांस एकदा विचारले, "काका, इथे वाऱ्यासारखी पळणारी गाडी घाट चढून वर गेली की दमते का? आणि टर्बो बसवली की ती का दमत नाही?" प्रश्न साधा होता. पण त्याच्या उत्तरावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो, हे आम्हांस पुढे कळले. म्हणून आज तोच विषय मांडावयाचा आहे.

हा प्रश्न निघाला तो 'ड्रॅग' शर्यतीवरून. या शर्यतीत दोन गाड्या उभ्या जागेवरून सुटतात आणि सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, पळतात. वळण नाही, दुसरी फेरी नाही. सारा निकाल काही सेकंदांत. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये या खेळाची संघटना स्थापन केली आणि रस्त्यावरच्या शर्यतींना नियमांच्या चौकटीत आणले. आपल्याकडे 2010 नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या. काशीमीऱ्याची खाडीकाठची हवा वेगळी आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची वेगळी. पोराच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण त्याचा खरा आहार हवा हा आहे. वजनाने एक भाग पेट्रोल जाळावयास सुमारे 14.7 भाग हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. हवा मात्र सिलिंडरात मावेल तेवढीच येते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे 1013 मिलिबार असतो. लोणावळा सुमारे 620 मीटर उंचीवर आहे. तेथे हा दाब सातएक टक्क्यांनी कमी होतो. महाबळेश्वरी, सुमारे 1350 मीटरांवर, तो 15 टक्क्यांनी उतरतो. आणि लेहला, 3500 मीटरांवर, 35 टक्क्यांनी. साध्या इंजिनाची ताकद जवळजवळ याच प्रमाणात घटते. गाडी दमते म्हणजे तिला श्वास पुरत नाही.

टर्बोचार्जर हा श्वास पुरवितो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात बरीच शक्ती असते आणि ती एरवी वाया जाते. त्या धुराच्या वाटेत पात्यांचे एक चाक बसवावयाचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबते. लहान टर्बोची ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. उंचावरचा तिचा पुरावा 1918 मध्ये मिळाला. अमेरिकन इंजिनिअर सॅनफर्ड मॉस यांनी 'लिबर्टी' हे विमानाचे इंजिन पाइक्स पीक या 14,109 फूट उंचीच्या डोंगरावर नेले. समुद्रसपाटीवर 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर 230 वर आले. टर्बो जोडताच त्याने 356 दिली. डोंगराने काढून घेतलेले टर्बोने परत केले.

येथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल, मग अडचण कसली? अडचण हिशेबाची आहे. कोलोरॅडोतील मॉरिसन येथे बँडिमेअर नावाचा ड्रॅगचा मार्ग 1958 पासून 2023 पर्यंत चालू होता. त्याची उंची सुमारे 5,800 फूट. तेथे हवेचा दाब 0.82 बारच्या आसपास. गाडीतला साधा बूस्टचा काटा भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे एवढेच दाखवितो. समुद्रकाठी काटा 1 बार दाखवील तेव्हा इंजिनात एकूण दाब सुमारे 2 बार असतो. वर तोच काटा 1 वर असेल तर एकूण दाब 1.82 भरतो. तो 2 वर न्यावयाचा तर काटा 1.18 वर न्यावा लागतो. म्हणजे खाली हवा दुप्पट दाबावी लागत होती, ती आता जवळजवळ अडीचपट दाबावी लागते. चाक अधिक वेगाने फिरते आणि हवा अधिक तापते. 30 अंशांची हवा खाली सुमारे 120 अंशांवर जात असेल, तर वर ती 150 अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा पुन्हा विरळ होते, शिवाय पेट्रोल अवेळी पेटून इंजिन 'ठोकू' लागते. असा ठोका पिस्टन फोडतो. त्यातच इंटरकूलर आणि रेडिएटर यांना गार करणारी बाहेरची हवाही पातळ असते.

म्हणून उंचावरच्या शर्यतीचे इंजिन बांधताना कारागीर मोठे कॉम्प्रेसर निवडतो, इंटरकूलर वाढवितो, ठोका सहन करणारे इंधन वापरतो, आणि एकूण दाब मोजणारा काटा लावतो. तरीही एक पेच उरतो. टर्बोला फिरावयास धूर लागतो, आणि उभ्या गाडीचे इंजिन विरळ हवेत धूरही कमी देते. सुटतानाचा एक सेकंद वाया गेला की शर्यत गेली. मोठे कॉम्प्रेसर तर आणखी उशिरा जागे होते. तेव्हा सुटण्याची चपळाई आणि शेवटची ताकद यांत तडजोड करावी लागते. ती साधणे हीच या कामातली खरी कारागिरी.

ज्याला हा हिशेब ठाऊक नाही तो काय करतो? वेस्टगेट नावाची एक झडप जादा धुराला बाजूने वाट देते. तिचा स्क्रू तो आवळतो. दाब वाढतो, किती वाढला हे कळावयास गाडी पळवून पाहावी लागते. आणि पळवावयास रात्रीचा महामार्ग समोरच असतो. गाडी गिऱ्हाइकाची, पैज त्याच्या मित्रांची, गॅरेज मालकाचे. आणि चाचणीला स्टिअरिंगवर बसतो तो हाताखालचा पोरगा. आम्हांस प्रश्न विचारणारा पोरगा असाच बसला. आज त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. त्याचे नाव हजेरीपटावर नव्हते, विमा नव्हता. भरपाई मागावयास गेलो तेव्हा तो आपल्याकडे कामालाच नव्हता, असे उत्तर आम्हांस मिळाले.

ही चाचणी रस्त्यावर घेण्याची मुळीच गरज नसते. गाडीची चाके रुळांवर फिरवून ताकद मोजणारे डायनो यंत्र असते. त्यावर दाब, उष्णता, इंधनाचे प्रमाण सारे उभ्या जागी दिसते. कायदाही स्पष्ट आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 189 सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक जागी शर्यत वा वेगाची चाचणी करणाऱ्यास आणि ती करू देणाऱ्यासही दोषी धरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. 'करू देणाऱ्यास' हा शब्द मालक मंडळींनी नीट वाचावा.

आम्ही या खेळाचे शत्रू नाही. धुरातून शक्ती काढणारी बुद्धी आणि ती बसविणारे हात यांचा आम्हांस अभिमान वाटतो. आमचे मागणे एवढेच आहे, की त्या हातांना हा हिशेब शिकवावा, त्यांची नावे हजेरीपटावर असावीत, आणि शर्यत व्हावयाची तर ती धावपट्टीवर व्हावी. आपल्या घरची गाडी गॅरेजात द्याल तेव्हा 'चालवून बघ जरा' असे सांगण्यापूर्वी समोरच्या पोराकडे एकवार पाहावे, ही विनंती.