व्हिडिओ करणाऱ्या शेतकऱ्याचीं अवजारें

शेतांतील कामाचे व्हिडिओ करून ते यूट्यूबवर घालणारे शेतकरी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आतां गांवोगांव दिसूं लागले आहेत. कोणी डाळिंबाची छाटणी दाखवितो, कोणी कांदाचाळीची बांधणी, तर कोणी मुरघास भरण्याची रीत. हें काम उपयुक्त आहे व त्यापासून कांहीं जणांस चार पैसेही मिळतात. सबब त्याची हेटाळणी करण्याचें कारण नाहीं. परंतु या कामाचीं साधनें निवडतांना आमचे बांधव जी घाई करतात, तिजविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. बैल घेतांना जो गृहस्थ दांत पाहतो, चाल पाहतो व न पटल्यास दोन बाजार मोकळ्या हातानें परत येतो, तोच गृहस्थ दुकानदाराच्या शब्दावर महागडा कॅमेरा एका बैठकींत घेऊन येतो, हें आश्चर्य नव्हे काय ?

उदाहरण दूरचें नको. नगर तालुक्यांतील सारोळा कासार येथील श्रीमती सुमन धामणे यांनीं सत्तरीच्या घरांत असतांना, 2020 सालीं, आपल्या नातवाच्या मदतीनें 'आपली आजी' हें चॅनेल सुरू केलें. यूट्यूब ही वस्तु त्यांना नवी होती; स्वयंपाक मात्र पुरा ठाऊक होता. त्यांचा कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखों लोकांनीं पाहिला. लोक आले ते भाजीसाठीं व आजींच्या बोलण्यासाठीं. यंत्र कोणत्या कंपनीचें, हें पाहावयास कोणी आलें नाहीं.

याच चॅनेलच्या इतिहासांतील दुसरी गोष्ट अधिक ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ऑक्टोबर 2020 मध्यें तें परक्यांनीं बळकाविलें. महिनोन्‌महिने जमविलेलें काम एका रात्रींत हातचें गेल्यावर घरांत काय अवस्था होत असेल, हें गारपिटीनें उभें पीक गमावलेल्या वाचकांस सांगावयास नको. सुदैवानें कांहीं दिवसांतच चॅनेल परत मिळालें. सर्वांचें दैव असें नसतें. म्हणून आम्ही म्हणतों कीं पहिलें अवजार म्हणजे कुलूप. तें विकत घ्यावें लागत नाहीं. पासवर्ड दुसरीकडे कोठेंही न वापरलेला असावा. प्रवेशाचे वेळीं दुहेरी खातरजमा होईल अशी सोय खात्यांतच असते, ती चालू करावी. आणि खातें परत मिळविण्यासाठीं दिलेला क्रमांक स्वतःचा असावा, मोबाईल दुकानांतील मुलाचा नसावा. हें शेवटचें कलम क्षुल्लक वाटतें, पण चॅनेल ज्याच्या ई-मेलवर काढलें त्याच्याच हातीं त्याची किल्ली राहते. मदतनीस हवा असल्यास पासवर्ड न सांगतां त्याला व्यवस्थापक म्हणून नेमतां येतें.

एवढें करूनही एक वाट उघडी राहते. जाहिरातीचें आमिष दाखविणारें पत्र येतें व त्यासोबतची फाईल संगणकावर उघडावयास सांगितलें जातें. अशी फाईल उघडतांच चोर आपल्या चालू प्रवेशाची खूणच उचलून नेतात. मग दुहेरी खातरजमाही आड येत नाहीं. अनोळखी कंपनी आपल्या पांचशे प्रेक्षकांच्या चॅनेलला मोठी रक्कम देऊं करते, तेव्हां ती आपल्यांत काय पाहते, हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा.

दुसरी कसोटी अशी कीं, या साधनांत घातलेलें काम आपणांस परत काढून घेतां येतें काय ? 29 जून 2020 रोजीं केंद्र सरकारनें टिकटॉक धरून 59 ॲपांवर बंदी घातली. त्या यादींत व्हिडिओ जोडण्याचें व्हिवा व्हिडिओ हें ॲपही होतें. बंदीच्या कारणांची चर्चा येथें नको. परंतु ज्यांचें सर्व काम त्या एकाच ठिकाणीं होतें, त्यांची पेवांतलीं कणसें पेवांतच राहिलीं. मूळ चित्रण मोबाईलमध्यें न ठेवतां वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावें, व तिची दुसरी प्रत असावी. जोडकामाचें फुकट ॲप घेतल्यास तें आपल्या चित्रावर स्वतःचा शिक्का मारतें कीं काय, हें एक लहानसा व्हिडिओ बाहेर काढून आधींच पाहावें.

आतां पैसे खर्चण्याजोगी वस्तु. ती कॅमेरा नसून माईक होय. चित्र थोडें अंधुक असलें तरी मनुष्य पाहतो, पण बोलणें ऐकूं आलें नाहीं कीं पुढें निघून जातो. पारनेरच्या पठारावर पवनचक्क्या फिरविणारा वारा मोबाईलच्या माईकांत शिरला म्हणजे त्यांत शेतकऱ्याचा एक शब्द उरत नाहीं. राहुरी-श्रीरामपूरकडे उसाच्या पाचटाची सळसळही तेंच करते. सदऱ्याला अडकविण्याचा तारेचा माईक कांहीं शें रुपयांत मिळतो. त्यावर केसाळ टोपी घालावी, आणि बोलतांना वाऱ्याकडे पाठ करावी. तिपाई त्यानंतर. दिव्यांची तर शेतकऱ्यास गरजच नाहीं. सकाळचें कोंवळें ऊन कोणत्याही दिव्याहून चांगलें. भर दुपारीं तोंडावर काळी सावली पडते व चैत्र-वैशाखांत मोबाईल तापून बंद पडतो. सिनेमाचें गाणें मागें लावण्याची हौस सोडावी. गाण्याचा मालक हक्क सांगतो व त्या व्हिडिओचें उत्पन्न त्याच्याकडे जाऊं शकतें. संगीत हवेंच तर यूट्यूबच्या स्वतःच्या संग्रहांत फुकट मिळतें. गोठ्यांत घुंगरें वाजत असतांना आम्हांस तर तेंही नको वाटतें.

बोललेलें मराठींत उतरवून देणारीं व विचारल्यास सबंध लेख रचून देणारीं साधनें आतां निघालीं आहेत. व्हिडिओचें नांव सुचविण्यास, खालचा मजकूर टंकण्यास तीं जरूर वापरावीं. औषधाच्या मात्रेबाबत मात्र त्यांवर विसंबणें आम्हांस घातक वाटतें. यंत्रानें मिलिलिटरचें ग्रॅम केलें, अथवा एका पिकाचें औषध दुसऱ्यास सांगितलें, तर एकाचें शेत जळत नाहीं. ज्या ज्या शेतकऱ्यानें तो व्हिडिओ पाहून पंप भरला त्या सर्वांचें जळतें. प्रत्येक आंकडा डब्यावरील लेबलाशीं व राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या 'कृषिदर्शनी'शीं ताडून मगच तोंडांतून काढावा.

उत्पन्नाच्या भरंवशावर कर्ज काढूं पाहणाऱ्यांसाठीं हिशेब सांगतों. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळण्यास 1000 सदस्य व मागील बारा महिन्यांत 4000 तासांचें पाहणें लागतें. केवळ छोट्या व्हिडिओंवर विसंबल्यास सदस्य तितकेच, आणि 90 दिवसांत एक कोटी वेळां पाहिलें जाणें. तोंवर जाहिरातींची आवक शून्य. म्हणून या कामाची वही शेतीच्या वहीहून वेगळी ठेवावी. तींत इंटरनेटचा खर्च, माईक, तिपाई, डिस्क यांसोबत चित्रण व जोडकामांत गेलेले स्वतःचे दिवसही मजुरीच्या दरानें मांडावे. ॲपाची मासिक वर्गणी भरण्यापूर्वीं, तिच्यायोगें यांतले किती दिवस वांचतील, तें या वहींत पाहावें.