जेवण येतं, खोली येत नाही

संध्याकाळचे सात. परळच्या जेरबाई वाडिया रस्त्यावर, टाटा हॉस्पिटलजवळच्या फुटपाथला खिचडीचा टेम्पो लागतो आणि रांग धरायची एकच गडबड उडते. रांगेत नातेवाईक. पेशंट मागे, भिंतीला टेकून, निळ्या ताडपत्रीखाली. कोणी बिहारचं, कोणी बंगालचं.

माझ्या शेजारी नांदेडकडच्या एक मावशी बसल्यात. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात नवऱ्याची फाईल. फाईलला प्लास्टिक, त्यावर दुसरं प्लास्टिक, वर सुतळीची गाठ. "कपडे भिजले तं वाळतेत," त्या म्हणतात, "कागद भिजला तं कुनाला दाखवू?" नवरा जबड्याच्या ऑपरेशननंतर बोलू शकत नाही, बोटांनीच 'पाणी' म्हणतो. मावशी बाटलीच्या झाकणातून घोट-घोट पाजतात. सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशनचा शेक, असे कितीतरी आठवडे. शनिवार-रविवारात गावी जाऊन यायला अंगात बळ नाही, गाठीला भाडं नाही. मग मुक्काम इथेच.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणखीही काही ठिकाणं आहेत. "नंबर लागंना," एवढंच मावशी सांगतात.

मान वर केली की गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर दिसतात. 1982च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर इथले भोंगे एकेक करून बंद पडले. 1991च्या नियमाप्रमाणे गिरणी विकसित करताना जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला आणि साधारण तेवढाच घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 2001 साली नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची उरली आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. परळला जागा नाही, हे मला म्हणूनच पटत नाही. जागा होती, ती वाटून झाली.

पेशंटांसाठी घरं द्यायची वेळ आली तेव्हाही काय झालं? 2021 साली म्हाडाने करी रोडची शंभर घरं टाटाला देऊ केली. रहिवाशांनी हरकत घेतली, स्थगिती आली आणि पर्याय म्हणून बॉम्बे डाईंगच्या जागेतली घरं पुढे आली. कॅन्सर शेजारी नको, असं उघड कोणी म्हणत नाही. सोसायटीच्या नियमावलीला हात घालतात.

टेम्पो रिकामा होतो, तोच मागून दुसरा येतो, बिस्किटांचा. एक मुलगा तिसरा पुडा खिशात कोंबतो. पलीकडे एक बाई शौचालयाच्या सुट्ट्या पैशांसाठी पदराची गाठ सोडते आहे. मावशी खिचडीतली मिरची वेचून बाजूला काढतात, भात बोटांनी अगदी मऊ कुस्करतात, तरी नवऱ्याला गिळवत नाही.

अन्नदान करणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांच्यावाचून ही माणसं उपाशी राहतील. पण इथे संध्याकाळी जेवण उरतं आणि रात्री छप्पर कमी पडतं. परळ, शिवडी, दादरकडे ज्यांची खोली कुलूप लावून पडली आहे, त्यांनी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात एकदा जाऊन विचारावं.