सरंजाम की सार्वभौमत्व? दादरा-नगर हवेलीविषयीचे गैरसमज

दादरा-नगर हवेलीचा विषय निघाला की तीन विधाने हमखास ऐकू येतात. पेशव्यांनी तो मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला, हे पहिले. 2 ऑगस्ट 1954 रोजी स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतले आणि त्या दिवशी तो प्रदेश भारतात आला, हे दुसरे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगाल हरले आणि भारत जिंकला, हे तिसरे. तिन्हींत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. पण तिन्हींच्या मुळाशी एकच चुकीची समजूत आहे. एखादा प्रदेश कुणाचा, हे एका कागदाने, एका लढाईने किंवा एका निकालाने ठरते, असे आपण धरून चालतो. वसाहतींच्या बाबतीत ते क्वचितच असे घडले. 500 चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या या प्रदेशाचा इतिहास नीट पाहिला, तर परकी वहिवाट हळूहळू हक्क कशी बनते आणि हा हक्क मोडून काढायला किती काळ लागतो, ते दिसते.

सुरुवात कागदापासून करू. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता जवळजवळ संपली. त्यांच्याकडे या बाजूला दमण तेवढे उरले. पुढे 40 वर्षांनी, 17 डिसेंबर 1779 रोजी, पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. सवाई माधवरावांच्या नावाने कारभार चालू होता, इंग्रजांशी पहिले युद्ध पेटलेले होते आणि अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरची दुसरी युरोपीय सत्ता शत्रूच्या बाजूला जाऊ नये, यात दरबाराचे हित होते. तहाच्या सतराव्या कलमात वर्षाला 12,000 रुपये महसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे ठरले. प्रत्यक्ष गावे 1783 आणि 1785 च्या सनदांनी नेमून दिली गेली. ‘देऊन टाकली’ या समजुतीचा उगम इथे आहे, आणि चूकही इथेच आहे.

मराठी राज्यकारभारात मुलूख तोडून देणे वेगळे आणि महसूल लावून देणे वेगळे. सरंजाम किंवा जहागीर म्हणजे ठरावीक गावांचे उत्पन्न घेण्याचा अधिकार. तो मिळालेला सरदार त्या गावांचा राजा होत नसे. राज्य देणाऱ्याचेच राहत असे आणि दरबाराला वाटले तर सरंजाम काढूनही घेता येत असे. शिंदे, होळकर, पटवर्धन या सगळ्यांकडे सरंजाम होते. त्यांना ते मिळाले म्हणजे छत्रपतींचे राज्य तेवढे कमी झाले, असे त्या काळात कुणी म्हटले नसते. तहाच्या या कलमाचा मराठी मजकूर पुढे हेगच्या न्यायालयापुढे गेला, आणि न्यायालयाने 12 एप्रिल 1960 च्या निकालात नेमका हाच भेद उचलून धरला. कलमातल्या भाषेवरून सार्वभौमत्व हस्तांतरित करण्याचा हेतू सिद्ध होत नाही, जे दिले ती फक्त 12,000 रुपयांची जहागीर किंवा सरंजाम होती, असा निष्कर्ष त्याने काढला. अशा सरंजामाचा अर्थ मुलूख तोडून देणे असा लावला गेल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आणले गेलेले नाही, असेही त्याने नोंदवले. त्या गावांत बंड झाले तर पोर्तुगीजांनी ते मोडावे, अशी तजवीज कागदांत होती. पोर्तुगालने तिचा आधार घेऊन पाहिला. पण ज्याला राज्यच मिळाले आहे, त्याला आपल्या राज्यातले बंड मोडायला दुसऱ्याची मुभा कशाला लागेल? त्या तजविजीतून उलटच गोष्ट सिद्ध होत होती. पेशवे दरबारातल्या कारकुनांनी वापरलेली शब्दरचना पावणेदोनशे वर्षांनी हॉलंडमध्ये एका राष्ट्राच्या दाव्याची तपासणी करायला उपयोगी पडली, याचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

मात्र एवढ्यावर थांबणे अप्रामाणिक ठरेल. भारताने त्या खटल्यात आणखी पुढे जाऊन, दोन्ही बाजूंना मान्य असा एक अस्सल मसुदाच नाही, तेव्हा तह वैधच नाही, असाही मुद्दा मांडला होता. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. अठराव्या शतकातला तह नंतरच्या काळात रूढ झालेल्या पद्धतींनी तोलू नये, आणि खुद्द मराठ्यांनी त्या तहाच्या बंधनकारकतेबद्दल कधी शंका घेतलेली नाही, उलट नंतरच्या सनदांत त्याचा उल्लेख आहे, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे मला योग्य वाटते. मराठी मजकुराचा आधार घ्यायचा तर तह झाला हेही मान्य केले पाहिजे.

आता कुणी विचारेल, सार्वभौमत्व दिलेच नव्हते, तर 1954 पर्यंत तिथे पोर्तुगालचा झेंडा कसा होता? उत्तर 1818 मध्ये आहे. त्या वर्षी पेशवाई बुडाली आणि सभोवतालच्या मुलखावर इंग्रजांचे राज्य आले. मराठ्यांचे वारस म्हणून सरंजाम देणाऱ्याचे सगळे हक्क इंग्रजांकडे आले होते. त्यांनी ठरवले असते तर ही गावे आमची, तुम्ही फक्त महसुलाचे धनी, असे ते पोर्तुगीजांना सांगू शकले असते. त्यांनी ते केले नाही. पोर्तुगीज तिथे पूर्ण आणि एकट्याचा कारभार करत आहेत हे पाहून त्यांनी परिस्थिती जशी होती तशी चालू दिली. उघड मान्यतेचा कागद दिला नाही आणि हरकतही घेतली नाही. न्यायालयाच्या मते या वर्तनातून इंग्रजांनी पोर्तुगीज सार्वभौमत्व प्रत्यक्षात आणि गर्भितपणे मानले, आणि पुढे स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे मानले. म्हणजे पुणे दरबाराने महसूल दिला होता, राज्य दिले नव्हते. त्याचे राज्य झाले ते दुसऱ्या एका वसाहतवादी सत्तेच्या गप्प बसण्यामुळे. दोन परक्या सत्तांनी एकमेकांच्या सोयीसाठी जे सोडून दिले, त्यातून हक्क तयार झाला, आणि तिथे राहणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना त्या सगळ्यात कुणी काही विचारले नाही. माझ्या मते दादरा-नगर हवेलीच्या इतिहासातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे, आणि ‘पेशव्यांनी दिले’ या एका वाक्याने ती झाकली जाते.

हेगला कोण जिंकले, हा प्रश्न यानंतर सोपा होतो. पोर्तुगाल डिसेंबर 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, 19 डिसेंबरला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याचे घोषणापत्र दिले आणि तीनच दिवसांनी, 22 तारखेला, भारताविरुद्ध दावा लावला. पुष्कळांना वाटते की दावा दादरा-नगर हवेली परत मिळवण्याचा होता. तो तसा नव्हता. दावा वाटेच्या हक्काचा होता. दमणच्या किनाऱ्यापासून आतल्या या तुकड्यांपर्यंत जायचे तर भारताचा मुलूख ओलांडावा लागे. तो ओलांडण्याचा हक्क आपल्याला आहे आणि 1954 मध्ये भारताने तो नाकारला, ही पोर्तुगालची तक्रार होती. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून बसले होते. निकालाचे तीन भाग पडले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी 1954 मध्ये पोर्तुगालला भारताच्या नियंत्रणाखाली वाटेचा हक्क होता, हे 11 विरुद्ध 4 मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासाठी तो नव्हता, हे 8 विरुद्ध 7 अशा एका मताच्या फरकाने. आणि भारताने आपल्या बंधनांचा भंग केलेला नाही, हे 9 विरुद्ध 6 मतांनी. पहिला भाग पोर्तुगालच्या बाजूचा आहे, उरलेले दोन भारताच्या. ‘भारत जिंकला’ असे म्हणणाऱ्याने पहिला भाग गाळलेला असतो, आणि तो तर मतांच्या दृष्टीने सगळ्यांत ठाम होता.

मुलकी आणि लष्करी वाटेत न्यायालयाने केलेला भेद मनाला येईल तसा केलेला नव्हता. इंग्रजी अमदानीत आणि त्यानंतरही सव्वाशेहून अधिक वर्षे सामान्य माणसे आणि माल विनाअडथळा ये-जा करत होते, म्हणून त्याची रूढी बनली. हत्यारबंद शिपायांना मात्र दर वेळी परवानगी मागावी लागे, आणि 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज तहही याच दिशेचा होता. जिथे परवानगी मागावी लागते तिथे हक्क नसतो. केवळ दोनच देशांमध्ये अशी रूढी तयार होऊ शकत नाही, असे भारताने म्हटले होते. न्यायालयाने ते फेटाळले, आणि त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात हा खटला आजही शिकवला जातो. इथेही कागदापेक्षा वागणुकीनेच हक्क ठरवला, हे लक्षात घ्यावे.

यावर एक गंभीर हरकत येते. न्यायालयाने पोर्तुगीज सार्वभौमत्व मानले असेल, तर 1954 चा उठाव बेकायदा ठरत नाही का? प्रश्न टाळण्यासारखा नाही. 21-22 जुलैच्या रात्री दादरा घेतले ते युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी. त्यानंतर आझाद गोमंतक दल आणि महाराष्ट्रातले स्वयंसेवक नगर हवेलीत शिरले. त्यांत विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी होते, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. ही माणसे भारताच्या हद्दीतून गेली, आणि त्यांच्यात स्थानिक आदिवासी थोडे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण न्यायालयाने या उठावाला बेकायदा म्हटलेले नाही आणि प्रदेश परत करा असा आदेशही दिलेला नाही. दादरा पडल्यावर मधल्या भारतीय मुलखात जो तणाव निर्माण झाला, तो पाहता भारताने वाट रोखणे हे त्याच्या नियंत्रणाच्या अधिकारातच बसते, असे त्याने म्हटले. शिवाय ज्या सार्वभौमत्वाचा पाया केवळ शेजाऱ्याच्या मौनावर उभा असतो, त्याला त्या भूमीवरच्या माणसांच्या इच्छेपुढे किती वजन द्यायचे, हा प्रश्न जगानेच त्या वर्षी सोडवायला घेतला होता. हेगच्या निकालानंतर आठ महिन्यांनी, 14 डिसेंबर 1960 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहती संपवण्याचा जाहीरनामा स्वीकारला. दुसऱ्या दिवशी तिने पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश, गोवा धरून, स्वशासन नसलेले प्रदेश असल्याचे ठरवले. 1951 मध्ये लिस्बनने वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नाव देऊन जी पळवाट काढली होती, ती त्यामुळे बंद झाली.

राहिले दुसरे विधान. 2 ऑगस्ट 1954 हा सिल्वासाचा मुक्तिदिन आहे, भारतात येण्याचा दिवस नव्हे. त्यानंतर सात वर्षे हा प्रदेश कायद्याने भारताचा भाग नव्हता. वरिष्ठ पंचायत तिथला कारभार पाहत होती, भारत सरकार अधिकारी पुरवत होते, पण विलीनीकरणाचे पाऊल टाकले जात नव्हते. डिसेंबर 1955 नंतर तर हेगला खटला उभा होता आणि तो चालू असताना प्रदेश सामील करून घेणे भारताच्या बाजूला अपायकारक ठरले असते. निकालानंतर, 12 जून 1961 रोजी, वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. सही करायला अधिकृत प्रमुख हवा म्हणून के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय अधिकाऱ्याला तिथला प्रधानमंत्री नेमले गेले. ‘एका दिवसाचा पंतप्रधान’ म्हणून ही हकीकत गमतीने सांगितली जाते, पण तिच्यामागे ही सात वर्षांची कायदेशीर पोकळी होती. संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीने दादरा-नगर हवेली 11 ऑगस्ट 1961 पासून केंद्रशासित प्रदेश झाला. गोवा, दमण आणि दीव त्यानंतर, डिसेंबरमधल्या लष्करी कारवाईने आले, आणि बाराव्या दुरुस्तीत तारीख 20 डिसेंबर 1961 धरली गेली.

याच ओघात, गोमंतकाबद्दल ‘साडेचारशे वर्षांची गुलामगिरी’ म्हटले जाते तेही सरसकट खरे नाही. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींना, म्हणजे आधी जिंकलेल्या भागांना, ते साधारणपणे लागू पडते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. नगर हवेलीत पोर्तुगीज अंमल होता 171 वर्षे.

पोर्तुगालने हे सगळे मान्य केले ते तिथला हुकूमशहा सालाझार याने उभी केलेली राजवट कोसळल्यावर. 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी करार केला. त्यात गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व, ते ते प्रदेश भारताच्या संविधानानुसार भारताचा भाग झाले त्या त्या तारखेपासून, पोर्तुगालने मान्य केले. दादरा-नगर हवेलीसाठी ती तारीख 2 ऑगस्ट 1954 नाही, 11 ऑगस्ट 1961 आहे.