वासदेव मिरपुरी कुठल्या नाक्यावरून गेला?

कासिमिरो मोंतेरोची ओळख गोव्यातल्या वाचकाला नव्याने करून द्यायची गरज नाही. डिचोली, सर्वण, साखळी, अस्नोडा या पट्ट्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर नुसतं ‘मोंतेरो’ म्हटलं तरी समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. पोर्तुगीज पोलिसांचा एजंट, स्वातंत्र्यसैनिकांच्या छळाचं दुसरं नाव. मुक्तिलढ्याच्या आठवणींत तो जागोजागी भेटतो, आणि जवळपास प्रत्येक आठवण १९६१ च्या डिसेंबरात येऊन संपते. पोर्तुगीज गेले, मोंतेरोही गेला, विषय मिटला.

मला कुतूहल आहे ते त्यापुढच्या मोंतेरोचं. गोव्यातच जन्मलेला हा माणूस पोर्तुगालला पोचला, हुकूमशहा सालाझारच्या ‘पिडे’ या गुप्त पोलीस दलात त्याला बढती मिळाली, आणि गोवा सुटल्यानंतर सव्वातीन वर्षांच्या आत पोर्तुगालच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या राजकीय खुनात तो प्रमुख आरोपी ठरला. त्या प्रवासात त्याच्या खिशात एका भारतीय माणसाच्या नावाचा पासपोर्ट होता. आपल्याकडे याविषयी फारसं कुणी लिहिलेलं नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

जनरल उंबेर्तो देलगादो यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. हवाई दलातले अधिकारी, एकेकाळी राजवटीचेच माणूस. १९५८ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते विरोधात उभे राहिले आणि निवडून आलो तर सालाझारला घरी पाठवीन, असं उघड सांगून बसले. निकाल अर्थातच सरकारी उमेदवाराच्या बाजूने लागला. त्यानंतर ब्राझीलच्या वकिलातीत आश्रय, ब्राझीलमध्ये विजनवास, पुढे अल्जीरिया. तिथेही इतर विरोधकांशी त्यांचं पटेना. असा एकाकी आणि उतावीळ माणूस गळाला लागायला वेळ लागत नाही. १९६४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये त्यांना एक ‘वकील’ भेटला. नाव सांगितलं कास्त्रो इ सौझा. लष्करातले काही नाराज अधिकारी उठावाच्या तयारीत आहेत, सीमेजवळ येऊन भेटा, असा त्याचा निरोप. हा वकील म्हणजे पिडेचा उपनिरीक्षक एर्नेस्तो लोपिश रामोश. देलगादो मोरोक्कोमार्गे स्पेनमध्ये आले आणि पोर्तुगीज सीमेला लागून असलेल्या बदाहोज शहरात उतरले. सोबत त्यांची ब्राझिलियन सचिव आराजारीर मोरेरा दि कांपुश होती. १३ फेब्रुवारी १९६५, शनिवार. त्या दिवसानंतर दोघांना कुणी जिवंत पाहिलं नाही. २४ एप्रिलला व्हियानुएव्हा देल फ्रेस्नो या गावाबाहेर त्यांची प्रेतं सापडली.

खरा वाद इथून पुढे सुरू होतो, आणि तो आहे रस्त्याचा.

पिडेची चौकडी दोन मोटारींतून निघाली होती: निरीक्षक आंतोनियो रोझा कासाको, लोपिश रामोश, आगुश्तिन्यो तिएंझा आणि आपला मोंतेरो. लिस्बनहून बदाहोजला जाण्याचा सरळ रस्ता एल्व्हासवरून आहे. तोच हमरस्ता, तोच मोठा नाका. यांनी तो घेतला नाही. दक्षिणेकडे वळून साऊं लिओनार्दो या आडबाजूच्या नाक्यावरून ते स्पेनमध्ये शिरले.

सीमेवरच्या माणसाला यातली मेख चटकन कळते. १९५४ नंतरच्या नाकेबंदीत दोडामार्ग, बांदा, पत्रादेवी या बाजूंनी ये-जा केलेल्यांच्या घरी हेच ऐकायला मिळतं, की वाट किती लांबची याला महत्त्व नाही, नाक्यावर कोण बसलाय ते आधी बघायचं. पोर्तुगालच्या सीमेवरचे नाके पिडेच्याच ताब्यात होते, आणि साऊं लिओनार्दोचा प्रमुख कासाकोच्या विश्वासातला होता. गाड्यांची झडती झाली नाही.

पलीकडे मात्र स्पॅनिश नाका. तिथे नावं लिहिली गेली, आणि पुढे स्पॅनिश तपासाला धागा मिळाला तो याच नावांतून. कासाको ‘रोबेर्तो वुरिता बारल’ झाला होता, तिएंझा ‘फिलिप गार्सिया तावारेश’. आणि मोंतेरो? वासदेव कुंदनमल मिरपुरी. काही ठिकाणी आडनाव ‘मिलपुरी’ असं छापलेलं आहे, पण ‘कुंदनमल’च्या शेजारी ‘मिरपुरी’च शोभतं. कुणालाही कळेल की हे सिंधी व्यापाऱ्याचं नाव.

या नावापाशी मी बराच काळ अडकून होतो. पिडेकडे खोट्या पासपोर्टांची वानवा नव्हती. मग सिंधीच का? एक तर मोंतेरोचा चेहरा. तावारेश किंवा बारल म्हणून तो खपला नसता. दुसरं म्हणजे त्या काळी जिब्राल्टर, सेउता, तांजिर, कॅनरी बेटं या सगळ्या बंदरांत सिंधी पेढ्या होत्या. कापड, घड्याळं, पुढे ट्रान्झिस्टर विकणारे हे लोक स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातले. भारतीय चेहऱ्याचा माणूस दक्षिण स्पेनच्या नाक्यावर उभा राहिला तर तो व्यापारीच असणार, हे गृहीत. ज्याने हे नाव निवडलं त्याला हा व्यवहार ठाऊक होता. गोव्यात भारतीयांचा छळ करण्यात हयात घालवलेल्या माणसाने स्वतःच्या सगळ्यात मोठ्या गुन्ह्यासाठी भारतीयाचं सोंग घेतलं, याला काय म्हणावं!

पुढचा रस्ता असा. नाक्यापलीकडे पहिलं गाव व्हियानुएव्हा देल फ्रेस्नो. तिथून गाड्या उत्तरेला ऑलिव्हेंसाकडे गेल्या. (हे ऑलिव्हेंसा स्पेनने १८०१ साली घेतलं आणि पोर्तुगालने त्यावरचा हक्क कधी सोडला नाही. गोव्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाच्या गप्पा मारणाऱ्या लिस्बनचं स्वतःचं गाव दीडशे वर्षांहून अधिक काळ शेजाऱ्याकडे होतं.) लोपिश रामोश पंचवीसएक किलोमीटरवरच्या बदाहोजला जाऊन देलगादो आणि सचिवेला मोटारीतून घेऊन आला. ऑलिव्हेंसाजवळ लोस आल्मेरिनेस या निर्जन जागी बाकीचे थांबले होते. तिथे दोघांचा खून झाला. प्रेतं गाडीत घालून चौकडी पुन्हा दक्षिणेला, व्हियानुएव्हापाशी आली आणि तिथल्या माळावर ती पुरली. मग आलेल्या नाक्यावरून परत न जाता ते आणखी खाली आरासेनाला गेले, रात्र तिथे काढली आणि दुसऱ्या दिवशी रोसाल दे ला फ्रोंतेराच्या बाजूने पोर्तुगालमध्ये परतले.

आता याचा अर्थ कसा लावायचा?

पिडेच्या माणसांनी नंतर कोर्टात सांगितलं की बेत अपहरणाचा होता. जनरलना पकडून लिस्बनला आणायचं, खटला भरायचा. मोंतेरोने ऐनवेळी गोळी झाडली आणि सगळं फिसकटलं. नकाशा समोर ठेवला तर ही कथा पहिल्या दमात पटते, हे मान्य करायला हवं. जिवंत कैदी आणायचा तर आपल्या माणसाचा नाका हवाच. आणि प्रेतं पुरली तीही नेमकी त्याच परतीच्या वाटेवर, साऊं लिओनार्दोच्या तोंडाशी. म्हणजे कैद्याला घेऊन ज्या रस्त्याने यायचं ठरलं होतं त्याच रस्त्याने घाबरलेली माणसं प्रेतं घेऊन आली, आणि नाका ओलांडण्याची हिंमत न झाल्याने खाली वळली. लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने १९८१ मध्ये निकाल देताना अपहरणाचीच बाजू उचलून धरली.

मला ती पटत नाही. कारण रस्त्याइतकंच गाडीतलं सामानही बोलतं. प्रेतांवर कळीचा चुना टाकलेला होता. शनिवारी संध्याकाळी, परक्या मुलखात, दोन प्रेतं गाडीत असताना कुणी चुना विकत घ्यायला जात नाही. चुना निघतानाच गाडीत होता. कैद्याला जिवंत आणायला निघालेल्या माणसांना चुना कशाला लागतो? या प्रश्नाचं धड उत्तर मला कुठे सापडलं नाही. शिवाय सचिवेचं काय करायचं ठरलं होतं? ती परदेशी नागरिक. तिला लिस्बनला नेऊन कुठला खटला चालवणार होते?

दुसरं असं की मोंतेरोवर सगळं ढकलणं सोयीचं होतं. खटला चालू असताना तो कोर्टात नव्हता. जुनी राजवट उलथवणाऱ्या कार्नेशन क्रांतीनंतर तो मोझांबिकमधून दक्षिण आफ्रिकेत निसटला होता. गैरहजर माणूस उलटतपासणी घेत नाही. कासाकोही फरारच होता. १९९८ साली एका पोर्तुगीज साप्ताहिकाला मुलाखत देताना त्यानेही बोट मोंतेरोकडेच दाखवलं. देलगादोंचे नातू फ्रेदेरिको देलगादो रोझा यांनी २००८ मध्ये आलेल्या चरित्रात स्पॅनिश शवविच्छेदनाचा आधार घेऊन गोळीची गोष्टच नाकारली. त्यांच्या मते जनरलना डोक्यावर आघात करून मारलं. ते खरं असेल तर ‘मोंतेरोच्या हातून अचानक सुटलेली गोळी’ ही कथा मुळातच कोसळते. मोंतेरो निर्दोष होता असं मी म्हणत नाही, तेवढी माया त्याच्याविषयी इकडे कुणालाच नाही. पण त्याला त्या गाडीत कशासाठी बसवलं होतं? कायदेशीर अटक करण्यासाठी त्याची ख्याती नव्हती, हे गोव्यातल्या कोठड्या पाहिलेल्या कुणीही सांगितलं असतं. मोंतेरोची निवड हाच माझ्या लेखी बेताचा पुरावा आहे.

हाच हात आणखी एका खुनात दिसतो. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी दार-ए-सलाममध्ये मोझांबिकच्या मुक्तिलढ्याचे नेते एदुआर्दो मोंदलाने यांनी टपालाने आलेलं पुस्तक उघडलं आणि त्यातल्या बॉम्बने त्यांचा जीव घेतला. बॉम्बच्या बॅटऱ्या जपानी होत्या आणि त्यांचा माग लोरेन्सो मार्किशमधल्या, म्हणजे आजच्या मापुतोतल्या, एका विक्रेत्यापर्यंत लागला. बॉम्ब मोंतेरोने बनवला, असं पुढे कासाकोनेच सांगितलं. कासाकोच्या शब्दावर किती विसंबायचं ते आपण पाहिलंच आहे.

एक योगायोग मराठी वाचकाला आवडेल. देलगादो कुटुंबाचा वकील म्हणून या प्रकरणाचा पाठपुरावा करणारा तरुण होता मारियो सोआरिश. क्रांतीनंतर तो परराष्ट्रमंत्री झाला, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत गोव्याचं विलीनीकरण मान्य करणाऱ्या करारावर त्याने सही केली. भारताच्या बाजूने सही होती यशवंतराव चव्हाणांची. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे मात्र १९६५ च्या त्या फेब्रुवारीत लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात होते, पिडेच्याच कुलपाआड. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत.

१९८१ च्या निकालात मोंतेरोला १९ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातला एक दिवसही त्याने भोगला नाही. १९९३ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत वारला. देलगादोंचे अवशेष १९९० मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकात नेले गेले, आणि २०१६ पासून लिस्बनच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिकडे जाणारी आपली मुलं त्याच विमानतळावर उतरतात.

मोंतेरोचा युरोपातला रस्ता पोर्तुगीज आणि स्पॅनिश कागदांत बराचसा सापडतो. त्याचा गोव्यातला रस्ता अजून विखुरलेला आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे भागात कुणाच्या घरी त्या वर्षांतल्या अटकेचे, जबान्यांचे, सुटकेचे पोर्तुगीज कागद पेटीत पडून असतील तर ते वाळवीच्या हवाली करू नका. मूळ कागद देणं जिवावर येत असेल तर निदान त्यांच्या प्रती पणजीच्या पुराभिलेखागारात पोचवा.