बाराचा हादरा वाटेतच अडवता येईल?

उमरेड आणि मकरधोकड्याच्या खुल्या कोळसा खाणींत भोंगा वाजतो आणि थोड्या वेळाने बार उडतो. स्फोटाची काही ताकद दगड फोडण्यात जाते. उरलेली जमिनीतून, हवेतून गावाकडे निघते. खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्ये ठरवलेली मर्यादा इथे नीट पाहावी. साध्या विटा-सिमेंटच्या घरापाशी हादऱ्याची कंपने सेकंदाला 25 पेक्षा जास्त असतील, तर जमीन सेकंदाला 15 मिलिमीटर वेगाने हलली तरी चालते. कंपने 8 पेक्षा कमी असली की मर्यादा 5 मिलिमीटरवर येते. घरही याच संथ तालात डोलते, म्हणून ही सक्ती.

आजचा उपाय बारातच केला जातो. स्फोटके भरलेली सगळी भोके एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात. मेटामटेरिअल, म्हणजे खास आतल्या रचनेचे कृत्रिम साहित्य, मात्र लाटेची वाट अडवते. 2000 साली हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी शिशाच्या सेंटिमीटरभर गोळ्यांवर सिलिकॉन रबराचा अडीच मिलिमीटरचा थर चढवला आणि त्या इपॉक्सीत ओळीने बसवल्या. आवाजाच्या ठरावीक कंपनसंख्येला शिसे लाटेच्या उलट दिशेने झुलते आणि लाट पुढे सरकत नाही. एरवी साध्या भिंतीने हा आवाज रोखायचा तर ती कितीतरी जाड लागली असती.

सुपरसॉनिक विमानाच्या धक्कालाटेवर हा उपाय अवघड, कारण तिथे दाब एका झटक्यात चढतो, म्हणजे सगळ्या कंपनसंख्या एकत्र येतात. मेटामटेरिअल निवडक पट्टाच अडवते. नासाच्या एक्स-59 विमानाची भिस्त निमुळत्या आकारावर आहे. खाणीचे काम त्या मानाने सोपे: दगडमातीतून जाताना वरची कंपने विरतात, गावापर्यंत पोचतो तो मुख्यतः संथ पट्टा.

2012 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळ 5 मीटर खोल, 32 सेंटिमीटर रुंद भोकांच्या रांगा जमिनीत पाडल्या. 50 हर्ट्झची (सेकंदाला 50 कंपनांची) लाट दुसऱ्या रांगेपलीकडे जेमतेम गेली. भोकांमधले अंतर होते 1.73 मीटर. आपल्याला नडणारी 8 हर्ट्झखालची लाट याहून कितीतरी लांब, त्यामुळे नुसत्या भोकांनी अख्खे शेत अडेल. तिथे जमिनीत पुरलेले, स्प्रिंगवर झुलणारे वजनच कामाचे.

या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे (वेकोलि) ड्रिल आहेत, केंद्रीय खनन आणि इंधन संशोधन संस्थेचे (सिंफर) केंद्र नागपुरातच आहे. पुरलेल्या वजनांचा प्रयोग इथे व्हायलाच हवा. त्याआधी काळ्या मातीतला लाटेचा वेग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळा मोजावा लागेल. भेगाळलेल्या जमिनीला जुळवलेली मांडणी चिखलात चुकू शकते.